ओझ्याखालची चुंबळ

नागभीडहून तळोधीकडे किंवा ब्रह्मपुरीकडे निघालात की सकाळच्या वेळी सरपणाच्या मोळ्या घेऊन जंगलातून परतणाऱ्या बाया रस्त्याच्या कडेने दिसतात. वाघाचा मुलूख, एकटी कोणी जात नाही. पाच-सात जणी मिळून जातात, मोठ्याने बोलत जातात आणि तशाच बोलत येतात. प्रत्येकीच्या डोक्यावर जुन्या लुगड्याच्या धडप्याची, पीळ देऊन वळलेली चुंबळ असते आणि तिच्यावर मोळी. चुंबळीने मोळीचे वजन छटाकभरही कमी होत नाही. ते टाळूला रुतत नाही, मान डळमळत नाही, हात मोकळे राहतात, एवढेच. आपल्या धर्माचरणाचा बराचसा भाग अशा चुंबळी वळण्यात खर्च होतो, असे माझे मत आहे. ओझे जिथल्या तिथे राहते. रुतायचे तेवढे थांबते. आणि रुतेनासे झाले की हे डोक्यावर मुळात असायला हवे होते का, हे विचारायची गरजच कोणाला वाटत नाही.

नव्या करारातल्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायाची सुरुवात बहुतेक मराठी ख्रिस्ती माणसांच्या कानावरून शेकडो वेळा गेलेली असते. लिहिणाऱ्यासमोर चित्र आहे ते शर्यतीचे. धावणाऱ्याने दोन गोष्टी अंगावेगळ्या कराव्यात असे तो सांगतो: एक भार आणि दुसरे, पायांत घोटाळणारे पाप. मग धीराने धावत राहावे. रविवारच्या उपदेशात या दोन्हींची सर्रास एकच मोट बांधली जाते. भार म्हणजेच पाप, पाप म्हणजेच भार. दोन्ही प्रभूच्या पायाशी ठेवा आणि हलके होऊन घरी जा. पण लिहिणाऱ्याने दोन गोष्टी वेगळ्या काढल्या, त्या उगाच नाही. भार वाईटच असतो असे कुठे आहे? घराण्याचा लौकिक, विद्वत्ता, पगाराची नोकरी, चारचौघांतला मान यांत पाप कोणते? तरी धावायची वेळ आली की यांतले कोणतेही आडवे येऊ शकते. पाप टाकायचे ते वाईट म्हणून. भार टाकायचा तो चांगला असूनही, आणि म्हणूनच तो सुटता सुटत नाही.

हा फरक कीस काढण्यासाठी मी सांगत नाही. मराठी ख्रिस्ती समाजाच्या दोनेकशे वर्षांच्या वाटचालीकडे पाहिले तर टाकण्याचे धैर्य कमी पडले असे मला दिसत नाही. घरे सुटली, आईबाप सुटले, वतनाची आशा सुटली. कंपनी सरकारने १८५० साली जातिनिर्बंध निवारणाचा कायदा केला तोवर धर्म बदलणाऱ्याचा वडिलोपार्जित मालमत्तेवरचा हक्क धोक्यात असे. कायदा आल्यावरही भाऊबंदांच्या दारातून आत जाणे सोपे झाले नाही. टाकले भरपूर. चूक झाली ती निवडीत. जे टाकायची गरज नव्हती ते टाकायला लावले, आणि जे सर्वांत आधी उतरवायचे ते नवी चुंबळ लावून डोक्यावर ठेवले.

टाकणे कोणत्या क्रमाने घडते, हे आधी पाहू. कारण आपल्या मंडळ्यांत एक ठरावीक क्रम गृहीत धरलेला असतो: आधी पश्चात्ताप, मग बाप्तिस्मा, मग ओझे गळून पडणे आणि पुढे आनंदीआनंद. प्रत्यक्षात थोर म्हणून ज्यांची नावे घेतो त्यांच्यापैकी कोणाचाच क्रम असा नव्हता.

नीलकंठशास्त्री गोऱ्हे हे बनारसमध्ये वाढलेले चित्पावन पंडित. मिशनऱ्यांचे खंडन करायला म्हणून त्यांनी ख्रिस्ती ग्रंथ हातात घेतले आणि १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या झाले. 'षड्दर्शन दर्पण' लिहून त्यांनी सहाही दर्शनांशी वाद घातला. जुना धर्म त्यांनी एका पावलात ओलांडला, पण शंका घेणारी बुद्धी बरोबरच आली. ज्या तर्काने त्यांनी दर्शने तपासली तोच तर्क पुढे आयुष्यभर त्यांच्या नव्या श्रद्धेला छळत राहिला. इंग्लंडमधल्या काउली मठाच्या संघात ते शिरले खरे, पण कायमची व्रते न घेता उमेदवारच राहिले. १८९५ मध्ये ते गेले तेव्हाही त्यांचे ओझे उतरलेले नव्हते. त्यांना कच्चे ख्रिस्ती म्हणायचे का? त्यांच्याच एका पुस्तिकेतल्या युक्तिवादाने पंडिता रमाबाईंना ख्रिस्ती धर्माकडे वळवले, हे ध्यानात घेतले तर जीभ धजावत नाही. स्वतः साशंक असलेल्या माणसाने दुसऱ्याला वाट दाखवली आणि ती पक्की निघाली.

रमाबाईंचे पाहा. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या वेळी त्या जेमतेम पंचविशीच्या होत्या. आईवडील दुष्काळात गेलेले, नवरा लग्नानंतर दोन वर्षांच्या आत गेलेला, कडेवर मनोरमा. पुढे आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी स्वच्छ लिहिले की त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. पापाच्या भारातून सुटल्याची खात्री त्यांना १८९१च्या सुमारास आली, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी. मधल्या काळात त्या स्वस्थ बसल्या होत्या असे नाही. अमेरिका पालथी घातली, 'द हाय कास्ट हिंदू वुमन' लिहिले, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. म्हणजे ओझे डोक्यावर असतानाच ही बाई धावत होती, आणि आपल्यापैकी अनेक हलक्या झालेल्यांपेक्षा जोरात.

आणि लक्ष्मीबाई टिळक. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले असताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. ही १८९३ची गोष्ट. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या संसाराचे दोन तुकडे झाले. त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या. नवऱ्याकडे परत आल्या त्या आपले सोवळे घेऊनच आल्या. पाणी वेगळे, चूल वेगळी. मग विचार करता करता एक दिवस त्यांच्या मनातून जात गळून पडली. कोणाच्याही हातचे खायचे त्यांनी ठरवले. ख्रिस्ती त्या झाल्या नंतर, १९०० मध्ये. म्हणजे इथे भार आधी उतरला आणि श्रद्धा मागून आली.

एकाचा भार शेवटपर्यंत उतरला नाही, एकीचा आठ वर्षांनी उतरला, एकीचा श्रद्धेच्याही आधी. तिघांनीही वाट सोडली नाही. तेव्हा कोणाच्या डोक्यावर काय शिल्लक आहे, यावरून त्याच्या श्रद्धेचा कस लावण्याची जी हौस आपल्या मंडळ्यांत असते, तिला मराठी इतिहासात तरी आधार सापडत नाही.

बन्यनच्या ज्या पुस्तकाने पाठीवरच्या गाठोड्याचे रूपक घरोघर नेले, ते १८४१ मध्येच हरी केशवजींनी 'यात्रिक क्रमण' म्हणून मराठीत आणले होते. त्या कथेत यात्रेकरूचे गाठोडे क्रुसापाशी सुटून गडगडत जाते हे सर्वांना आठवते. ते पुस्तकाच्या सुरुवातीसुरुवातीलाच घडते, हे मात्र फारसे कोणी लक्षात घेत नाही. बाजार, तुरुंग, संशयाचा किल्ला हे सगळे गाठोडे सुटल्यानंतरचे आहे. पाठ मोकळी झाल्यावर वाट सोपी होते, असे बन्यनलाही म्हणायचे नव्हते.

आता निवडीची चूक. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डाइन यांनी रमाबाईंवर आईची माया केली; त्यांचा पत्रव्यवहार आज छापील मिळतो आणि मराठी ख्रिस्ती माणसाने तो वाचायलाच हवा. या मायाळू बाईंना रमाबाईंचे शाकाहारी राहणे खटकत होते. अंडे घातलेला पदार्थ न खाणे हा त्यांना जातीचा उरलासुरला अहंकार वाटला. रमाबाईंचे उत्तर नम्र होते आणि ठाम होते. ज्या चालीरीतींत काही वाईट नाही त्या आपण सोडणार नाही. गळ्यातल्या क्रुसावरचा मजकूरही लॅटिनऐवजी संस्कृतात असावा, अशी त्यांची इच्छा होती. लॅटिन त्यांना परकी होती; संस्कृत तर त्यांच्या आईनेच त्यांच्या जिभेवर ठेवलेली होती.

या वादात कोण बरोबर, यावर माझ्या मनात दुमत नाही. भात-वरण खाणे हे पाप नव्हते आणि भारही नव्हता. ते अंग होते. भार आणि अंग यांतला फरक बाहेरच्याला कळत नाही, धावणाऱ्यालाच कळतो. पण एकोणिसाव्या शतकातल्या मिशनांनी हा निवाडा बहुतेक वेळा स्वतःकडे ठेवला. नाव बदला, वाद्य बदला, चाल बदला. मृदंग-टाळ म्हणजे मूर्तिपूजा आणि ऑर्गन म्हणजे शुद्ध उपासना, असे कोणी लिहून ठेवले नसेल, पण वागणे तसेच होते. अहमदनगरकडे काही जणांनी ख्रिस्ती कीर्तन सुरू केले आणि नंतर टिळकांनी शेकडो भजने रचली, तेव्हा कुठे मराठी मंडळीला आपल्या गळ्यातून देव आळवता आला. टिळक तर उघड म्हणत की आपण ख्रिस्तापाशी आलो ते तुकोबांच्या पुलावरून. पूल ओलांडल्यावर तो जाळायचा असतो, असे त्यांना वाटले नाही.

टिळकांनी खरा भार टाकला तो १९१७ मध्ये. तोवर अमेरिकन मराठी मिशनची नोकरी होती, 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन होते, नाव होते. मिशनची नोकरी हे काही पाप नव्हे. तरीही पंचावन्न-छप्पन्नाव्या वर्षी त्यांनी ती सोडली, संन्यास घेतला आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही त्यात येऊ शकत होते. पुढे दोनच वर्षांनी ते वारले. इतके करूनही त्यांचा रागीटपणा गेला का? लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला हे सांगायला नको. भडकणे, घरातले उचलून दुसऱ्याला देऊन टाकणे, बायकोला न विचारता संसाराचे निर्णय घेणे, सारे त्यात आहे, हसत-हसत सांगितलेले. नवरा संत म्हणून गाजत असताना त्याचा चिडका स्वभाव इतक्या मायेने आणि इतक्या स्पष्टपणे मांडणारी बाई मला तरी ख्रिस्ती साहित्यातली मोठी धर्मज्ञानी वाटते. 'ख्रिस्तायन' टिळकांच्या हातून अपुरे राहिले, तेही पुढे मुख्यतः तिनेच नेले.

नको ते टाकायला लावले, त्याची ही कथा. जे टाकायला हवे होते ते म्हणजे जात. लक्ष्मीबाई एका विचाराच्या झटक्यात ज्यातून बाहेर आल्या, ते मंडळ्यांच्या मंडळ्या पिढ्यान्‌पिढ्या उतरवू शकल्या नाहीत. पूर्वीचे अमके आणि पूर्वीचे तमके, बसायच्या बाजू, सोयरिकीचे वर्तुळ. प्रभुभोजनाचा प्याला एक आणि सोयरीक वेगळी. आणि त्यावरची चुंबळ कोणती, तर 'ही जात नाही हो, हा नुसता रिवाज'. बाबासाहेब आंबेडकरांनी ख्रिस्ती धर्मांतराचा अभ्यास केला तेव्हा हेच बोट ठेवले होते: माणसे चर्चमध्ये आली ती जात घेऊन आली, आणि चर्चने तिच्याशी लढण्याऐवजी जुळवून घेतले.

बाबासाहेबांचे नाव मी इथे मुद्दाम घेतो. आमच्या या भागात 'टाकणे' या शब्दाला सर्वांत मोठा अर्थ मिळाला तो १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी बाबासाहेबांनी तिथे हजारोंना धम्मदीक्षा दिली. बावीस प्रतिज्ञांतल्या कितीतरी प्रतिज्ञा सरळसरळ काय सोडायचे ते सांगतात; त्यांत दारूही आहे. नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या पट्ट्यातल्या गावोगावच्या विहारांत आजही त्या म्हटल्या जातात. आणि सात आठवड्यांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. टाकायला सांगणारा माणूस गेला, टाकलेले परत उचलायचे की नाही हे लोकांच्या हाती राहिले. त्यांनी ते परत उचलले नाही. कोणताही मोठा ग्रंथ वाचायच्या आधी, शेतात धान कापणीला आलेले असताना, माणसांनी जुने देव्हारे रिकामे केले आणि तसेच ठेवले. ख्रिस्ती उपदेशक चिकाटीची उदाहरणे इफिस आणि करिंथ इथून आणतात. चांद्याच्या दीक्षाभूमीवरून आणली तर बिघडणार नाही. धर्म वेगळा आहे हे मला कळते. पण टाकलेल्या ओझ्याकडे मागे वळून न पाहणे म्हणजे काय, हे इथल्या बौद्ध माणसाने जितके सिद्ध केले तितके फार थोड्यांनी केले आहे.

या मुलखात ख्रिस्ती माणसे मूठभर. नागपूरला मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये आले. चांद्यात पुढे स्कॉटिश एपिस्कोपल चर्चने काम मांडले. १९६२ पासून बल्लारपूरला केंद्र असलेला सिरो-मलबार कॅथलिकांचा चांदा धर्मप्रांत केरळातून आलेल्या धर्मगुरूंनी आणि सिस्टरांनी उभा केला. अलीकडे घरांतून भरणाऱ्या छोट्या प्रार्थना सभा आहेत. अशा ठिकाणी श्रद्धेचा भार कागदावरही असतो. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या; १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. अनुसूचित जमातींना ही अट नाही, म्हणून गोंड कुटुंबाचे आणि शेजारच्या दलित कुटुंबाचे गणित एकाच प्रार्थना सभेत वेगळे पडते. एक जण नाव सांगून बसतो, दुसरा मुलीच्या जातीच्या दाखल्यापायी कागदावर जुनाच राहतो. त्याला व्यासपीठावरून भित्रा म्हणणे फार सोपे आहे, विशेषतः म्हणणाऱ्याला दाखल्याची गरज नसेल तर. माझ्या मते त्याच्या डोक्यावरचे ओझे त्याचे नाही. ते सरकारने ठेवले आहे आणि चर्चच्या जातिवादाने त्याला हातभार लावला आहे.

इथे पौलाची आठवण होते. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो काही ओळींच्या अंतराने दोन परस्परविरुद्ध वाटणाऱ्या गोष्टी सांगतो: एकमेकांची ओझी वाहा, आणि प्रत्येकाने आपला भार आपण वाहावा. विरोध फक्त वरवरचा आहे. काही ओझी एकट्याने टाकायची नसतातच. ती वाटून घ्यायची असतात. इब्री पत्राचा लेखकही 'तू टाक' म्हणत नाही, 'आपण टाकू' म्हणतो. आधीच्या अध्यायात त्याने पूर्वजांची जी लांबलचक यादी दिली आहे, तिच्यात राहाब वेश्या आहे, शमशोन आहे, दावीद आहे. डोक्यावर काही ना काही बाळगूनच ही माणसे पोहोचली.

दारूचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ला लागली आणि २०२१ मध्ये उठली. ब्रह्मपुरीहून वैनगंगा ओलांडली की गडचिरोलीतले वडसा, म्हणजे चंद्रपूरच्या बंदीआधी आणि नंतर अनेक वर्षे नदीच्या दोन काठांवर दोन कायदे. बंदीने तहान जात नाही, हे खरेच. पण बंदी मागणाऱ्या बायांची टिंगल करणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत त्या चालत गेल्या. नवऱ्याच्या पापाचे ओझे बायको वाहत असते, आणि ते कसे टाकावे याचे उत्तर तिच्या एकटीच्या प्रार्थनेत नसते.

प्रार्थना सभेतली 'साक्ष' मात्र एकट्याचीच असते. साक्षीचा साचा पाठ झालेला आहे. मी दारू पीत होतो, घर बुडाले होते, कोणी करणी केली म्हणत होते, एका बंधूने बोलावले, प्रभूने हात धरला, आता सगळे ठीक. लोक 'आमेन' म्हणतात. मला या साक्षींचा आदर आहे. दारू सुटणे ही लहान गोष्ट नाही. पण दोन गोष्टी खटकतात. पहिली, ज्याची दारू सुटली आणि मागच्या बुधवारी बाजाराच्या दिवशी पुन्हा लागली, त्याला उभे राहायला या साच्यात जागाच नाही. तो महिनाभर सभेला येत नाही. मग मंडळीत म्हणतात, भाऊ थंड पडला. तो थंड पडलेला नसतो. विजयाची गोष्ट सांगता येत नाही म्हणून तो घरी बसलेला असतो, आणि धीर धरण्याची सर्वांत जास्त गरज त्याच आठवड्यात असते. पाळकाने त्या बुधवारी रात्री त्याच्या घरी जाऊन चहा घेतला, तर दहा उपदेशांचे काम होईल.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. या साक्षींत दारू येते, तंबाखू येते, आजार येतो, देवाची भीती येते. बहिणीच्या नावची बांधी अंगठा लावून घेतली, हे कधी ऐकू येत नाही. पोराच्या लग्नात गाडी मागून घेतली, हे येत नाही. शेजाऱ्याला शेकडा पाच, शेकडा दहा व्याजाने पैसे दिले, हे तर नाहीच. म्हणजे टाकायच्या पापांची जी यादी आपण मनात धरली आहे, ती गरिबाच्या पापांची यादी आहे. ज्या पापाने घरात चार पैसे येतात त्याला आपण पाप म्हणत नाही, प्रभूचा आशीर्वाद म्हणतो. चुंबळ यापेक्षा मऊ होऊ शकत नाही.

हे नागभीडमध्ये बोलताना हवेत बोलल्यासारखे वाटत नाही. धानाच्या पट्ट्यात ओझे म्हटले की माणसाच्या मनात आधी कर्ज येते. रोवणीला पैसे, खताला पैसे, दवाखान्याला पैसे. बांधावर धानाचे पुंजणे उभे राहायच्या आत त्यातला वाटा कोणाचा हे ठरलेले असते. सोसायटीचे कर्ज, बचत गटाचा हप्ता, मायक्रोफायनान्सचा हप्ता, आणि या सर्वांचे हप्ते भरायला सावकार. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी नियमनाचा नवा कायदा आहे, परवान्याशिवाय व्याजाचा धंदा करणे गुन्हा आहे. तरी सावकारी कर्जाचा पाश या तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या गळ्यातून सुटलेला नाही. अशा माणसाला 'तुझे ओझे प्रभूवर टाक' म्हणणे खोटे नसेल, पण अर्धे आहे. त्याचे ओझे त्याने उचललेले नाही. ते दुसऱ्या कोणाच्या तरी वहीत लिहिलेले आहे आणि ती वही ज्याची, टाकायचे त्याने.

देहूच्या वाण्याने हे केले होते. तुकोबांच्या घरी सावकारी होती. भावाच्या वाट्याची खते भावाला देऊन आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. इंद्रायणीत पडलेले ओझे तुकोबांचे होते की गावकऱ्यांचे? दोघांचेही. धनकोचा भार आणि ऋणकोचा भार हा एकच कागद असतो, फक्त दोन टोकांनी धरलेला. ऋणकोने कितीही प्रार्थना केली तरी त्याला आपले टोक सोडता येत नाही. धनकोला येते.

लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय हा असाच. यरीहोचा मुख्य जकातदार, श्रीमंत, उंबराच्या झाडावर चढून बसलेला ठेंगणा माणूस. येशू त्याच्या घरी उतरतो, आणि जक्कय उभा राहून सांगतो की आपली अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडले असेल त्याला चौपट परत. त्याच्या तोंडून 'मी पापी आहे' हे शब्दही निघत नाहीत. तो थेट हिशेबावर येतो. येशूला तेवढे पुरते. आपल्याकडच्या साक्षीत नेमका हाच हिशेब गळालेला असतो.

पुढे काय झाले ते लूक सांगत नाही. पण सकाळी जक्कयला जकातीच्या वह्या काढून बसावे लागले असणार. कोणाकडून किती जास्त घेतले हे त्याला सगळे आठवत नसणार आणि लोकांना मात्र पै-पै आठवत असणार. कोणी वाढवून सांगितले असेल, कोणी दारच उघडले नसेल, कोणी मेला असेल आणि त्याच्या पोरांना शोधावे लागले असेल. अर्धी मालमत्ता आधीच गेलेली. उरलेल्या अर्ध्यातून चौपट द्यायचे म्हणजे मध्येच पैसे संपण्याची धास्ती. घरात बायको विचारत असेल, अजून किती दिवस हे चालायचे. झाडावरून उतरायला त्याला क्षण पुरला होता. यरीहोचे उंबरे झिजवायला महिने लागले असतील, आणि त्यातल्या एखाद्या कंटाळवाण्या दुपारी वही मिटून टाकावी असे त्याला वाटले नसेल, असे मानायला मी तयार नाही.